ज्याचे नाव दाव्यात नाही, त्याचे म्हणणे

कोणाच्याही विरुद्ध निर्णय देण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, हा नैसर्गिक न्यायाचा पहिला नियम मानला जातो आणि स्वतःच्याच प्रकरणात कोणी न्यायाधीश होऊ नये, हा त्याच्या जोडीचा दुसरा नियम. भारतीय राज्यघटनेत ‘नैसर्गिक न्याय’ असा शब्दप्रयोग नाही. तरीही समानतेची हमी देणारा अनुच्छेद १४ आणि जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचे रक्षण करणारा अनुच्छेद २१ यांच्या अर्थातच हा नियम अंतर्भूत आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मनेका गांधी यांच्या जप्त केलेल्या पारपत्राच्या प्रकरणात २५ जानेवारी १९७८ रोजी दिलेल्या निकालापासून निर्विवाद झाले आहे. दाव्यातील वादी आणि प्रतिवादी यांच्या बाबतीत हा नियम बऱ्याच अंशी पाळलाही जातो. खरी अडचण उद्भवते ती तिसऱ्या माणसाच्या बाबतीत, म्हणजे ज्याचे नाव दाव्याच्या कागदांवर कोठेही नाही, पण ज्याचे घर, जमीन, नोकरी किंवा कौटुंबिक नाते त्या दाव्याच्या निकालाने हलणार आहे, अशा माणसाच्या बाबतीत. सुनावणीचा हक्क कितपत खरा आहे हे पाहायचे असेल, तर तो या तिसऱ्या माणसापर्यंत पोहोचतो की नाही, हे पाहावे लागते.

प्रतिवादीसाठी कायद्याने केलेली तरतूद आधी समजून घेतली, तर तिसऱ्या माणसाची उणीव स्पष्ट होते. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार दावा दाखल झाला की न्यायालय प्रतिवादीला समन्स काढते आणि ते घेऊन बेलिफ त्याच्या दारी जातो. प्रतिवादी भेटला नाही किंवा त्याने समन्स घेण्यास नकार दिला, तर बेलिफ त्याची प्रत घराच्या दर्शनी दारावर चिकटवतो आणि ती कोणत्या परिस्थितीत चिकटवली, घर कोणी दाखवले व ते कोणासमक्ष झाले, याचा अहवाल लिहून न्यायालयाला देतो. त्यानंतर प्रतिवादीने ३० दिवसांत आपली कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यावयाचे असते. ही मुदत कारण नोंदवून ९० दिवसांपर्यंत वाढवता येते. मधल्या काळात होणाऱ्या प्रत्येक अर्जावर समोरच्या बाजूचे लेखी म्हणणे मागवले जाते. त्याला महाराष्ट्रातील वकिलांच्या रोजच्या बोलीत ‘से’ म्हणतात आणि तालुक्याच्या न्यायालयातील निम्म्या तारखा हा ‘से’ दाखल होण्याची वाट पाहण्यातच जातात. प्रतिवादी आलाच नाही, तर दावा एकतर्फी चालतो. परंतु समन्स नीट बजावले गेले नव्हते किंवा गैरहजेरीला पुरेसे कारण होते, असे त्याने दाखवले, तर तो एकतर्फी हुकूमनामा रद्द होऊ शकतो. आपल्याविरुद्ध कोणी अचानक मनाई हुकूम आणील अशी धास्ती असणाऱ्याला आधीच ‘कॅव्हेट’ दाखल करून, मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये, असे न्यायालयाला कळवता येते. १९७६ च्या दुरुस्तीने आलेल्या या तरतुदीचा अंमल ९० दिवस राहतो. पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले व्हिव्हियन बोस यांनी १९५५ मध्ये संग्राम सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या वतीने हे बजावले होते की, ही सारी प्रक्रिया माणसाला अडकवण्यासाठी नसून न्याय सुकर करण्यासाठी आहे आणि कोणालाही न ऐकता दोषी ठरवू नये, या तत्त्वावर तिची उभारणी झालेली आहे.

हे सर्व संरक्षण मात्र वादीने ज्याचे नाव प्रतिवादी म्हणून लिहिले, त्याच्यासाठी आहे. कोणाला प्रतिवादी करायचे हे प्रथमतः वादीच ठरवतो आणि म्हणूनच ज्याचा विरोध अडचणीचा ठरेल, त्याला वगळण्याचा मोह त्याला होऊ शकतो. यावर संहितेने उपाय ठेवला आहे. ज्याच्या अनुपस्थितीत परिणामकारक हुकूमनामा होऊच शकत नाही, तो ‘आवश्यक पक्षकार’ आणि ज्याच्यावाचून हुकूमनामा होऊ शकतो, पण सर्व वादप्रश्नांचा पुरता निकाल लागण्यासाठी जो समोर असणे इष्ट आहे, तो ‘योग्य पक्षकार’, असा भेद करून, दाव्याच्या कोणत्याही टप्प्यावर अशा व्यक्तीला सामील करून घेण्याचा अधिकार न्यायालयाला दिलेला आहे. वादीची त्याला संमती असलीच पाहिजे असे नाही.

या अधिकाराचे मोल किती आहे, हे रझिया बेगम विरुद्ध साहेबजादी अन्वर बेगम या हैदराबादच्या खटल्यात दिसते. १९५५ मध्ये रझिया बेगम यांनी निजामाच्या द्वितीय पुत्राविरुद्ध दावा लावला आणि आपण त्याची विधिवत विवाहित पत्नी आहोत, असे न्यायालयाने घोषित करावे व ठरलेला ‘खर्च-ए-पानदान’, म्हणजे पत्नीला तिच्या स्वतःच्या खर्चासाठी द्यावयाची रक्कम, मिळावी, अशी मागणी केली. प्रतिवादी राजपुत्राने हजर होऊन विरोध करण्याऐवजी वादीचे म्हणणे मान्य करून टाकले. दोघेच पक्षकार आणि दोघांचे एकमत, तेव्हा वाद कसला उरला, असे वरकरणी दिसत होते. परंतु त्याच राजपुत्राच्या पत्नी अन्वर बेगम आणि त्यांचा अज्ञान मुलगा यांनी अर्ज करून सांगितले की, हा दावा संगनमताचा आहे, असा विवाह झालेलाच नाही आणि तो झाल्याचे घोषित झाले, तर आपल्या पत्नीपणाच्या व वारसाहक्काच्या स्थानाला थेट धक्का बसेल. म्हणून आम्हाला प्रतिवादी करून घ्यावे. रझिया बेगम यांनी विरोध केला, तरी खालच्या न्यायालयाने हा अर्ज मंजूर केला, उच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला आणि सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये बहुमताने त्यावर शिक्कामोर्तब केले. विवाह किंवा औरसपणा यांसारख्या दर्जाविषयीची घोषणा दोन माणसांपुरती राहत नाही, तिचे परिणाम पुढील पिढ्यांपर्यंत जातात. त्यामुळे प्रतिवादीच्या केवळ कबुलीवर न्यायालयाने विसंबून राहण्याचे कारण नाही आणि ज्यांच्यावर तो परिणाम होणार आहे, त्यांना सामील करून घेणे हेच श्रेयस्कर, असा त्या निर्णयाचा गाभा आहे. वादी-प्रतिवादींचे एकमत हेच कधीकधी तिसऱ्या माणसावरचे सर्वांत मोठे संकट असते, हे या खटल्याइतक्या उघडपणे क्वचितच दिसले असेल.

राजघराण्यातील हा प्रश्न महाराष्ट्रातील शेतकरी कुटुंबांत फार साध्या रूपात उभा राहतो. वडील वारले की वारसनोंदीचा अर्ज होतो, त्यात भावांची नावे येतात आणि लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बहिणीचे नाव राहून जाते किंवा राहू दिले जाते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे फेरफार नोंदवहीत नोंद घेतल्यावर तलाठ्याने तिची प्रत चावडीवर लावावयाची असते आणि अधिकार अभिलेखावरून किंवा अन्य कारणाने ज्यांचा हितसंबंध दिसतो, त्या सर्वांना लेखी सूचना पाठवावयाची असते. हरकत आली, तर ती वादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत लिहून संबंधितांना ऐकल्यावरच तिचा निर्णय करावयाचा असतो. तोपर्यंत नोंद प्रमाणित होत नाही. कायद्याची ही रचना निर्दोष म्हणावी अशी आहे. पण जिचे नाव अर्जातच नाही, तिला नोटीस कोण आणि कोणत्या पत्त्यावर पाठवणार? चावडीवर लावलेला कागद सासरी असलेल्या बहिणीला दिसत नाही आणि हरकतीची मुदत सरल्यावर सातबारावर केवळ भावांची नावे उमटतात. फेरफाराने मालकी हक्क निर्माण होत नाही, तो महसुली कामापुरता असतो, हे खरे असले, तरी बँकेचे कर्ज, विक्री आणि भूसंपादनाचा मोबदला हे सारे व्यवहार त्याच उताऱ्याच्या आधारे होतात. वाटपाच्या दाव्यात मात्र कायदा ठाम आहे: सर्व सहहिस्सेदार तेथे आवश्यक पक्षकार असतात आणि एखाद्या बहिणीला वगळून लावलेला दावा त्याच दोषामुळे फेटाळला जाऊ शकतो. चावडीवरील नोंदीपेक्षा न्यायालयातील दाव्यात तिला अधिक संरक्षण आहे. दुर्दैवाने बहुतेक कुटुंबांचा विषय चावडीवरच संपतो.

सरकारी आदेशांना आव्हान देणाऱ्या रिट याचिकांमध्ये तिसरा माणूस वगळला जाण्याचा संभव अधिक असतो, कारण तेथे याचिकाकर्त्याचे भांडण वरकरणी सरकारशी असते. एखादा परवाना सरकारने एकाला दिला आणि दुसऱ्याने तो आदेश रद्द करून मागितला, तर ज्याला परवाना मिळाला तो बाजूलाच राहू शकतो. उदित नारायण सिंह प्रकरणात १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न सोडवला आणि ज्यांच्या बाजूने मूळ आदेश झाला, ते अशा याचिकेत आवश्यक पक्षकार आहेत, त्यांना वगळून केलेली याचिका टिकू शकत नाही, असे ठरवले. त्याआधी, १९६१ मध्ये, शिवदेव सिंह प्रकरणात याहून कठीण प्रश्न समोर आला होता. पंजाबमध्ये पुनर्वसन खात्याने केलेले जमिनीचे वाटप एका याचिकेवर उच्च न्यायालयाने रद्द केले. ज्याचे वाटप गेले, तो त्या याचिकेत पक्षकारच नव्हता. त्याने स्वतंत्र अर्ज करून आपली बाजू ऐकण्याची विनंती केली, तेव्हा उच्च न्यायालयाला आपल्या निर्णयाचा असा फेरविचार करता येतो का, हा मुद्दा निघाला. अशा गंभीर चुका दुरुस्त करण्याचा अधिकार उच्च न्यायालयाला स्वभावतःच आहे आणि न ऐकलेल्या माणसाला ऐकून न्यायालयाने नैसर्गिक न्यायाला आवश्यक तेच केले, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. बाधित व्यक्ती मूळ दाव्यात पक्षकार नसली, तरी वरच्या न्यायालयाची परवानगी घेऊन तिला अपील करता येते, हेही आता स्थिर झालेले आहे.

एक-दोन माणसे वगळली गेली, तर त्यांना शोधून सामील करता येते. शेकडो बाधित असतील, तर काय करावे? उत्तर प्रदेशात माध्यमिक शिक्षकांच्या संपाच्या काळात ज्यांनी शिकवण्याचे काम केले, त्यांना पुढे नेमणुकीत प्राधान्य देण्यासाठी १९७८ मध्ये अध्यादेश निघाले आणि अशा शिक्षकांचा एक ‘राखीव संच’ तयार झाला. अध्यादेशांना आव्हान देणाऱ्या याचिकेत प्रतिवादी होते ते सरकार. राखीव संचातील एकही शिक्षक नव्हता. अलाहाबाद उच्च न्यायालयाने अध्यादेश रद्द केले आणि आपली बाजू एकदाही न मांडता या शिक्षकांच्या नोकऱ्या धोक्यात आल्या. प्रबोध वर्मा प्रकरणात १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, ज्यांच्यावर निकालाचा थेट आघात होणार आहे ते, किंवा त्यांची संख्या फार मोठी असेल तर निदान त्यांच्यापैकी काही जण प्रतिनिधी म्हणून, समोर असल्याखेरीज उच्च न्यायालयाने अशी याचिका ऐकायलाच नको होती. नोकरभरती, ज्येष्ठता आणि आरक्षण यांविषयीच्या खटल्यांत हा निर्णय आजही सतत पुढे केला जातो. मात्र येथे सुनावणीच्या हक्काचे रूप पालटते, हे विसरता येणार नाही: प्रत्येकाचे म्हणणे न ऐकता, त्यांच्यासारख्या काहींचे ऐकले म्हणजे सर्वांचे ऐकले, असे गृहीत धरले जाते. शिक्षकांची संघटना असते, त्यांच्या नेमणुकीची यादी असते, त्यामुळे प्रतिनिधी मिळतो. ज्यांची यादीच नाही अशांचे काय, हा प्रश्न पुढच्याच वर्षी मुंबईने विचारला.

१३ जुलै १९८१ रोजी महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईतील पदपथांवरील झोपडीवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याची घोषणा केली आणि त्याच महिन्यात, भर पावसाळ्यात, झोपड्या पाडण्यास सुरुवात झाली. काहींना बसमध्ये बसवून राज्याबाहेर नेण्यात आले. मुंबई महानगरपालिकेचा आधार होता तो १८८८ च्या महापालिका अधिनियमाचे कलम ३१४. रस्त्यावर किंवा पदपथावर केलेले बांधकाम आयुक्तांना कोणतीही नोटीस न देता हटवता येईल, असे त्यात लिहिलेले आहे. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही झोपडीवासी यांच्या याचिकांवर सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या नेतृत्वाखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १० जुलै १९८५ रोजी निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, यासाठी हा निकाल गाजला. पण सुनावणीविषयी त्यात जे म्हटले आहे, तेही तितकेच महत्त्वाचे आहे. नोटीस न देता बांधकाम हटवण्याची मुभा म्हणजे नोटीस न देण्याचा हुकूम नव्हे, असा कलम ३१४ चा अर्थ न्यायालयाने लावला. नोटीस हा नियम आणि ती टाळणे हा तातडीच्या प्रसंगापुरता अपवाद ठरला. अतिक्रमण तर उघड दिसते, मग त्यांना विचारून ते काय उत्तर देणार, हा पालिकेचा युक्तिवादही न्यायालयाने फेटाळला. लंडनमध्ये १८६३ साली कूपर विरुद्ध वॉन्ड्सवर्थ मंडळ या खटल्यात, आवश्यक सूचना न देता बांधायला घेतलेले घर मंडळाने मालकाला न विचारता पाडले, तेव्हा तेथील न्यायालयानेही असेच म्हटले होते की, कायद्याने सुनावणीची तरतूद केलेली नसली, तरी घर पाडण्याआधी मालकाला ऐकणे भागच होते.

उत्तर काहीही असले तरी ऐकलेच पाहिजे, या भूमिकेला १९८० च्या एस. एल. कपूर विरुद्ध जगमोहन या निकालाने भक्कम आधार दिलेला होता. नवी दिल्ली नगरपालिका समिती बरखास्त करताना तिचे म्हणणे घेतले नव्हते. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी लिहिले की, न ऐकणे हीच हानी आहे, तिच्याखेरीज वेगळी हानी सिद्ध करण्याची गरज नाही. नंतरच्या काळात न्यायालयांनी या भूमिकेपासून बरीच माघार घेतली असून, सुनावणी न झाल्याने खरोखर काय नुकसान झाले ते दाखवा, असे बाधितालाच विचारले जाते. ही माघार खेदजनक आहे. ज्याला ऐकलेच नाही, त्याने आपण काय सांगितले असते आणि त्याने निर्णय कसा बदलला असता, हे सिद्ध करावे, अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे चुकीचा भार चूक सोसणाऱ्याच्याच खांद्यावर टाकणे होय. आणि हा भार पेलण्याइतके वकील व कागद ज्यांच्याकडे असतात, त्यांना मुळात कोणी न ऐकता सोडतही नाही.

ओल्गा टेलिस निकालातील पुढचा भाग मात्र अस्वस्थ करणारा आहे. एरवी आयुक्तांनी सुनावणी घ्यावी असा आदेश आम्ही दिला असता, परंतु याचिकाकर्त्यांची बाजू आमच्यासमोरच विस्ताराने मांडली गेल्याने आता वेगळ्या सुनावणीचे प्रयोजन उरले नाही, असे म्हणून न्यायालयाने पदपथ मोकळे करण्यास संमती दिली. पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, झोपड्या हटवू नयेत, आणि १९७६ च्या गणनेत नोंद होऊन ज्यांना ओळखपत्रे मिळाली आहेत, त्यांना पर्यायी जागा द्यावी, असे निर्देश सोबत दिले. दिल्लीतील न्यायालयात ज्येष्ठ वकिलांनी घटनेवर केलेला युक्तिवाद आणि भायखळ्याच्या किंवा माहीमच्या पदपथावरील एका कुटुंबाने, आम्ही येथे कधीपासून आहोत, आमच्याकडे कोणता कागद आहे, मुलाची शाळा कोठे आहे, हे अधिकाऱ्याला सांगणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीने कायदा घडला. दुसरी झालीच नाही आणि जे याचिकेत नव्हते, त्यांच्या बाबतीत तर ती झाल्याचे मानले गेले.

जनहित याचिकांच्या वाढीबरोबर ही उणीव अधिक गंभीर झाली. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील अतिक्रमणांविरुद्ध एका पर्यावरणवादी संस्थेने १९९५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली आणि १९९७ मध्ये न्यायालयाने ती हटवण्याचे आदेश दिले. जंगल वाचवण्याचा हेतू निःसंशय मोलाचा होता. पण खटल्याची मांडणी संस्था विरुद्ध सरकारी यंत्रणा अशी होती आणि ज्या हजारो कुटुंबांची घरे त्या आदेशाने जायची होती, त्यांच्यातील प्रत्येकाचा प्रश्न कोणत्या वर्षाच्या मतदारयादीत नाव आहे, या एका कसोटीवर येऊन ठेपला. अशा याचिकांत बाधितांना हस्तक्षेप अर्ज करता येतो, हे तत्त्वतः खरे आहे. पण त्यासाठी आपल्या घराविषयी कोठेतरी खटला चालू आहे, हे आधी कळावे लागते आणि पुष्कळदा ते दारात यंत्र आल्यावरच कळते.

फौजदारी कायद्यात तिसऱ्या माणसाची स्थिती अलीकडे सुधारली आहे. खटला राज्य विरुद्ध आरोपी असा असल्याने ज्याच्यावर गुन्हा घडला, तो पीडित वर्षानुवर्षे केवळ साक्षीदार मानला जात असे. उत्तर प्रदेशातील लखीमपूर खेरी येथील प्रकरणात जामिनाच्या ऑनलाइन सुनावणीच्या वेळी पीडितांच्या वकिलांचा संपर्क तुटला आणि फेरसुनावणीची विनंतीही विचारात घेतली गेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०२२ रोजी तो जामीन रद्द करताना, तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर पीडिताला ऐकले जाण्याचा हक्क आहे, असे ठरवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही, पीडिताला ऐकल्याशिवाय खटला मागे घेण्यास न्यायालयाने परवानगी देऊ नये, अशी तरतूद केली आहे.

घरांच्या बाबतीत असेच पाऊल १३ नोव्हेंबर २०२४ रोजी पडले. अमरावतीचे सुपुत्र न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठाने देशभरातील पाडकामांसाठी बंधनकारक निर्देश दिले: किमान १५ दिवसांची नोटीस नोंदणीकृत टपालाने पाठवावी आणि बांधकामावरही लावावी, मागील तारीख घालून नोटीस दिल्याचे भासवता येऊ नये, म्हणून ती जिल्हाधिकाऱ्यांना ई-मेलने त्याच वेळी कळवावी, प्रत्यक्ष सुनावणी घेऊन तिचे इतिवृत्त नोंदवावे, अंतिम आदेशात बाधिताचे म्हणणे आणि ते न स्वीकारण्याची कारणे लिहावीत, त्यानंतरही १५ दिवस थांबावे आणि पाडकामाचे चित्रीकरण करावे. या निर्देशांना दोन अपवाद ठेवलेले आहेत. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा किंवा नदीपात्र यांसारख्या सार्वजनिक ठिकाणची अनधिकृत बांधकामे, हा पहिला. आणि ज्याविषयी न्यायालयाने पाडण्याचा आदेश दिला आहे ती बांधकामे, हा दुसरा. पदपथावर राहणाऱ्याचा आधार अशा रीतीने पुन्हा १९८५ च्या निकालावरच येऊन थांबतो आणि ज्या खटल्यात आपण पक्षकार नव्हतो, त्यातील आदेशाने ज्याचे घर जाणार आहे, त्याला पालिकेच्या अधिकाऱ्यासमोर नव्हे, तर तो आदेश देणाऱ्या न्यायालयातच हस्तक्षेपाचा अर्ज घेऊन जावे लागते.